काकवीचा ओघळ: मांजरेकाठच्या एका गुऱ्हाळातील तोटीचा प्रकरण अभ्यास

मांजरा नदी ज्या पट्ट्यात बीड आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांची हद्द आखत वाहते, तिथे कळंबच्या बाजूला एक गुऱ्हाळ आहे. दिवाळी सरली की त्याचे चुलाण पेटते आणि शिमग्याच्या आसपास विझते. पूर्वी तिथे फक्त ढेपेचा गूळ होत असे. अलीकडे काही आधणे गुळापर्यंत न नेता काकवीवरच उतरवतात आणि ती अर्ध्या किलोच्या काचेच्या बाटल्यांत भरून विकतात. गुऱ्हाळमालक काकांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी आहे. भरणीचे सगळे काम त्याची पत्नी आणि गावातल्या बचत गटाच्या चार बाया पाहतात. डिसेंबरमध्ये तिचा फोन आला. ती म्हणाली, “सर, एकदा येऊन बघा. तोटी बंद केली की काकवी खाली पडायचं सोडून तोटीच्या पोटाखालनं मागं जाते. निम्मा दिवस बाटल्या पुसण्यातच जातो.”

तक्रार ऐकायला लहान वाटते, पण तिचे परिणाम लहान नव्हते. बाटलीच्या अंगावर काकवीचा ओघळ आला की तिथे चिठ्ठी चिकटत नाही, मुंग्या आणि माश्या लागतात, आणि पुसलेली बाटलीही दुसऱ्या दिवशी हाताला चिकटते. धुवायचे म्हटले तर पाणी लागते, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या भागातल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बाटल्यांच्या बाहेरून लागलेला गोडवा धुण्यासाठी रोज पाणी ओतणे कोणालाच रुचत नाही. त्यात दुसरी अडचण वजनाची होती. सकाळी गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीतील पातळी दुपारपर्यंत बोटभर खाली उतरलेली दिसे, आणि दुकानदार बाटली परत पाठवत.

गुऱ्हाळावरची दोन स्पष्टीकरणे माझ्या कानावर आधीच आली होती. गुळव्या मामांचे म्हणणे असे की काकवी थोडी अलीकडेच, पातळ असताना उतरवावी. काकांचे म्हणणे असे की तोटीच खराब आहे, मोठी बसवावी. काकवी साधारण १०५-१०६ अंश सेल्सिअसला उतरवतात आणि गूळ ११८ अंशांच्या आसपास. काकवी त्याहून अलीकडे उतरवली तर तिच्यातील पाण्याचा अंश वाढतो, आणि टिकण्याच्या दृष्टीने ते धोक्याचे असते. म्हणून काकवीला हात न लावता भरणी सुधारता येते का, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला.

भरणीची टाकी आणि तिची तोटी

टाकी स्टेनलेस स्टीलची, गोल, सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाची आणि जवळजवळ तेवढ्याच उंचीची होती. तळ सपाट होता आणि तळ व भिंत काटकोनात जोडलेली होती. तळालगत, भिंतीतून आडवी बाहेर आलेली १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी होती. तिचा कॉक टाकीला लागूनच होता आणि कॉकपासून तोंडापर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर नळी मोकळी होती. तोंडाचा काठ कोणाचा हात कापू नये म्हणून बाहेरच्या बाजूला वळवून चांगला जाड आणि गोल केलेला होता. जोड देताना नळी किंचित वर उचलली गेली होती. डोळ्यांना ते जाणवत नव्हते, पण पाण्याची पातळी दाखवणारी नळी धरल्यावर तोंडाकडची बाजू तीन-चार मिलिमीटर उंच असल्याचे दिसले.

ही माहिती कंटाळवाणी वाटेल, पण या प्रकरणाचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे, म्हणून ती बारकाईने दिली.

काकवीची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा तिचा आतला विरोध, मोजण्यासाठी माझ्याकडे महागडे उपकरण नव्हते आणि त्याची गरजही पडली नाही. दहा सेंटिमीटर रुंदीची काचेची उंच बरणी काकवीने भरली, तिच्यावर २० सेंटिमीटर अंतराने दोन दोरे बांधले आणि सायकलच्या दुकानातून आणलेला सुमारे ३.२ मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा मधोमध सोडला. सकाळी सात वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये काकवीचे तापमान १२ अंश असताना, छर्ऱ्याला एका दोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला सुमारे ४० सेकंद लागले. दुपारी तीन वाजता, ३० अंशांना, त्याच अंतरासाठी सुमारे ८ सेकंद लागले. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या सूत्रात हे आकडे घातले आणि बरणीच्या भिंतीमुळे छर्ऱ्याचा वेग जो थोडा कमी होतो त्याची दुरुस्ती केली, तर सकाळची श्यानता सुमारे ६.५ पास्कल-सेकंद आणि दुपारची सुमारे १.३ पास्कल-सेकंद येते. पाण्याची श्यानता २० अंशांना फक्त ०.००१ पास्कल-सेकंद असते. दुसरा, थोडा मोठा छर्रा सोडूनही श्यानता जवळपास तीच आली, त्यामुळे रवा न धरलेली ही काकवी साध्या, एकाच श्यानतेच्या द्रवासारखी वागते असे मानायला हरकत नव्हती.

साखरेच्या पाकाची तापमानाशी आणि घट्टपणाशी अशी ओढ जुन्या तक्त्यांतही दिसते. २० अंशांना ६० टक्के साखरेच्या द्रावणाची श्यानता पाण्याच्या साठ पटींच्या आत असते, तर ७० टक्क्यांना ती पाण्याच्या ४८० पटींच्या आसपास जाते. घरात एकतारी पाकाचा दोनतारी कधी झाला हे कळत नाही, त्याचे कारण हेच आहे. म्हणूनच मराठवाड्यात, जिथे डिसेंबरच्या पहाटे आणि दुपारी पंधरा-अठरा अंशांचा फरक सहज पडतो, तिथे सकाळची आणि दुपारची काकवी हे भरणीच्या दृष्टीने दोन वेगळे द्रव समजावेत.

माझी पहिली चूक

पहिल्या दिवशी मी जे निदान केले ते चुकीचे होते, आणि ते का चुकले हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

किटलीतून चहा हळू ओतला की तो चोचीखालून ओघळत किटलीच्या पोटावर येतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. तांब्यातून पाणी सावकाश ओतले तरी तेच होते. या घटनेला ‘चहाच्या किटलीचा परिणाम’ हे नाव १९५६ मध्ये प्रवाहिताशास्त्रज्ञ मार्कस रायनर यांनी दिले. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी गणिताने दाखवले की काठावरून वळताना द्रवाचा वेग वाढतो, तिथला दाब हवेच्या दाबापेक्षा खाली येतो आणि बाहेरची हवा धारेला काठाकडे ढकलते. केलर यांच्या मांडणीत श्यानता नव्हती. पुढे २०१० मध्ये फ्रान्समधील एका गटाने प्रयोगाने दाखवले की काठ किती तीक्ष्ण आहे आणि त्याचा पृष्ठभाग द्रवाला किती भिजू देतो, यावरही धार सुटणे अवलंबून असते. या दोन्ही गोष्टी डोक्यात असल्यामुळे मी सांगितले की धारेचा वेग वाढवा, म्हणजे ती काठापासून सुटून पडेल. त्यासाठी टाकी दोन फूट उंच चौथऱ्यावर ठेवली आणि पातळी कायम वरच्या अंगाला राहील असे पाहिले.

ओघळ जसाच्या तसा राहिला. उलट, धार आता अधिक उंचीवरून बाटलीत पडू लागली आणि वजनाची तक्रार वाढली.

दुपारी अर्धा किलो काकवी, म्हणजे सुमारे ३६० मिलिलिटर, भरायला पंचवीसेक सेकंद लागत. यावरून नळीतला सरासरी वेग सेकंदाला १२-१३ सेंटिमीटर येतो. जडत्व आणि श्यानता यांचे प्रमाण सांगणारी रेनॉल्ड्झ संख्या या आकड्यांनी सुमारे १.६ येते. सकाळी त्याच बाटलीला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागे आणि ही संख्या ०.०६ च्या आसपास उतरे. किटलीतल्या गरम चहासाठी ती काही हजारांत असते. म्हणजे चहाला वळताना आपल्या जडत्वाने भिंतीपासून सुटण्याची जी संधी मिळते, ती काकवीला मिळतच नाही. केलर यांचे गणित बरोबरच आहे, पण ते ज्या द्रवासाठी आहे तो द्रव इथे नव्हता.

आणखी एक गोष्ट आकडे मांडताना लक्षात आली, जी माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी आहे. नळीतली काकवी टाकीतील पातळीच्या दाबाने वाहते. तो दाब सकाळी आणि दुपारी सारखाच असतो. त्यामुळे श्यानता पाचपट झाली की वेग पाचव्या हिश्शावर येतो, आणि श्यानता व वेग यांचा गुणाकार तोच राहतो. धार काठापाशी पृष्ठताणाच्या, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून धरणाऱ्या ओढीच्या, विरोधात कशी उभी राहते हे याच गुणाकारावर ठरते. म्हणून तोटी पूर्ण उघडी असताना सकाळी आणि दुपारी धार काठापाशी सारखीच दिसते, फक्त सकाळी सगळे संथ घडते. ओघळ तोटी चालू असताना येतच नव्हता. तो तोटी बंद केल्यावर येत होता, जेव्हा मागचा दाब तुटतो, वेग शून्याकडे जातो आणि पृष्ठताणाला व पृष्ठभागाच्या भिजण्याला मोकळे रान मिळते. सूनबाईंनी फोनवर नेमके हेच सांगितले होते. मी ‘बंद केली की’ हे शब्द नीट ऐकले नव्हते.

काठाजवळ भिंग धरून

दुसऱ्या खेपेला मी भिंग आणि मोबाइलचा संथ चित्रणाचा कॅमेरा घेऊन तोंडाजवळ बसलो. कॉक बंद केल्यावर कॉकपासून तोंडापर्यंतच्या नळीत अडकलेली काकवी सावकाश बाहेर येऊ लागते. या तुकड्यात १३-१४ मिलिलिटर, म्हणजे १८-१९ ग्रॅम काकवी मावते आणि नळीच्या उचललेल्या तोंडामुळे थोडी आत राहिली तरी बहुतेक बाहेर पडते. आधी जाड धार, मग बारीक धार, मग तार. तार तुटायच्या बेतात असताना तोंडाच्या खालच्या काठावर काकवीचा एक गोल, तांबूस फुगवटा जमतो. त्याची पुढची कड, म्हणजे जिथे पोलाद, काकवी आणि हवा एकत्र भेटतात ती रेषा, गोल काठावरून हळूच खाली सरकते, वळते, आणि नळीच्या खालच्या अंगाला लागते. तिथून, नळी मागे झुकलेली असल्यामुळे, ती टाकीकडे चालू लागते. सेकंदाला अर्धा मिलिमीटर असा तिचा वेग होता. म्हणूनच एका बाटलीच्या वेळी ती दिसत नाही. चार-पाच बाटल्या झाल्या की नळीच्या पोटाखाली लांबलचक ओघळ तयार होतो, त्यातून मध्येच एखादा थेंब पुढच्या बाटलीच्या खांद्यावर पडतो आणि उरलेले टाकीच्या भिंतीवरून टेबलावर उतरते.

ही रेषा गोल काठावर का अडली नाही? द्रव, घन आणि हवा यांच्या भेटीच्या रेषेवर द्रवाचा पृष्ठभाग घनाशी एक ठराविक कोन करतो, त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो ओलांडला की रेषा पुढे सरकते. अमेरिकी शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी १९व्या शतकातच दाखवले की रेषा जर तीक्ष्ण कडेपाशी आली तर तिला कडेपलीकडच्या नव्या पृष्ठभागाशी तोच कोन नव्याने भरावा लागतो. समजा स्पर्शकोन ५० अंश आहे. कड काटकोनी असेल तर रेषेला पलीकडे जाण्यासाठी द्रवाचा पृष्ठभाग आधीच्या पृष्ठभागाच्या मानाने १४० अंशांपर्यंत फुगावा लागतो. कड ३० अंशांच्या पात्यासारखी असेल तर हा आकडा २०० अंश होतो, जो सावकाश जमणाऱ्या थेंबाला गाठताच येत नाही. तोवर थेंबाचे वजन त्याला खाली खेचून घेते. गोल काठावर मात्र अशी उडी नसते. प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभाग थोडासाच वळलेला असतो आणि रेषा पायरी-पायरीने पलीकडे उतरते.

कोणता काठ गोल म्हणायचा आणि कोणता तीक्ष्ण, याला मोजमाप आहे. पृष्ठताण आणि वजन यांची बरोबरी जिथे होते ती लांबी पाण्यासाठी सुमारे २.७ मिलिमीटर आहे. काकवी पाण्यापेक्षा जड असल्याने तिच्यासाठी ती दोन मिलिमीटरच्या आसपास येते. काठाची त्रिज्या यापेक्षा फारच कमी असेल तर काकवीला तो धारदार वाटतो. या तोटीच्या काठाची त्रिज्या तीन मिलिमीटर होती. हाताला इजा होऊ नये म्हणून केलेली ती गोलाई काकवीसाठी उतरता घाट ठरली होती.

याच वेळी सूनबाईंनी सहज सांगितले की मध्यंतरी त्यांनी तोंडाला बाहेरून करडईचे तेल लावून पाहिले होते आणि “दहाबारा बाटल्या चांगल्या गेल्या, मग परत तेच.” हा त्यांनी केलेला खरा प्रयोग होता, आणि त्याचा अर्थ स्पष्ट होता. तेलाच्या थराने काकवीचे भिजवणे कमी केले, रेषा अडली, आणि तेल निघून गेल्यावर ती पुन्हा चालू लागली. उपाय म्हणून तो टिकणारा नव्हता, कारण ते तेल शेवटी काकवीतच जात होते. पण दोष काकवीच्या घट्टपणात नाही, काठावर आहे, हे त्यांनी माझ्या आधी दाखवून दिले होते.

दुसरी एक सवय मात्र उलट काम करत होती. प्रत्येक बाटलीनंतर बाया तोंडाची काकवी बोटाने निपटून घेत आणि ओल्या फडक्याने पुसत. पुसल्यावर नळी स्वच्छ दिसे, पण भिंगाखाली तिच्यावर काकवीचा पातळ, चकाकणारा पापुद्रा राही. कोरड्या पोलादावर सरकणाऱ्या रेषेला जो अडथळा असतो तो अशा आधीच भिजलेल्या पृष्ठभागावर जवळजवळ नाहीसा होतो. काकवी काकवीवरून वाहते. सरकत्या स्पर्शरेषेचा प्रश्न शास्त्रालाही सोपा गेलेला नाही. द्रव घनाला चिकटून असतो हे गृहीत धरून ती रेषा पुढे नेली तर भिंतीवरचा जोर अनंत येतो, हे ह्यू आणि स्क्रिव्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, आणि प्रत्यक्षात रेषेच्या अगदी जवळ काही वेगळे घडत असले पाहिजे हे तेव्हापासून मान्य आहे. गुऱ्हाळापुरता त्याचा बोध असा की तिथले वागणे केवळ काकवीच्या श्यानतेवरून सांगता येत नाही. तो पृष्ठभाग सकाळपासून कसा हाताळला गेला आहे हेही पाहावे लागते. एकदा ओली झालेली नळी दिवसभर ओघळ बोलावत राहते.

आतला कोपरा आणि बाटलीतली हवा

काठ बघताना टाकीच्या आतही डोकावले. सपाट तळ आणि भिंत जिथे काटकोनात भेटतात, तिथे सभोवार गडद काकवीची कड बसलेली होती आणि तिच्यात साखरेचा बारीक रवा धरला होता. मामा म्हणाले, “रोज टाकी रिकामी करतो की आपण.” करत होतेच, पण कोपरा रिकामा होत नव्हता. कीथ मॉफॅट यांनी १९६४ मध्ये दाखवले की दोन भिंतींमधला कोन सुमारे १४६ अंशांपेक्षा कमी असेल तर संथ, श्यान प्रवाहाच्या त्या कोपऱ्यात एकाआत एक अशा भोवऱ्यांची माळ तयार होते आणि प्रत्येक आतला भोवरा बाहेरच्यापेक्षा शेकडो पटींनी कमजोर असतो. याचा अर्थ, मधली काकवी वाहून गेली तरी कोपऱ्यातील काकवी जागच्या जागी फिरत राहते आणि बदलली जात नाही. जुन्या काकवीतला रवा नव्या काकवीला रवा धरायला लावतो, हे गुळव्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तर परिस्थिती अशी होती की ज्याने टाकी घडवली त्याने आत, जिथे गोलाई हवी होती, तिथे काटकोन दिला आणि बाहेर, जिथे धार हवी होती, तिथे गोलाई दिली. यात त्या कारागिराचा दोष नाही. पाण्याच्या टाकीसाठी ही घडण अगदी योग्य आहे.

भिंतीवर राहणाऱ्या थराचा हिशोबही इथेच सांगतो. उभ्या भिंतीवरून निथळणाऱ्या द्रवाचा थर किती जाड राहतो याचे सूत्र हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३० मध्ये दिले. त्यात वेळ वर्गमुळात येते. म्हणजे थर निम्मा व्हायचा असेल तर चौपट वेळ निथळू द्यावे लागते. सकाळच्या काकवीसाठी दहा मिनिटे निथळल्यावर या टाकीच्या भिंतीवर सरासरी ०.३८ मिलिमीटरचा थर राहतो. दिसायला तो काहीच नाही, पण सगळी भिंत धरली तर ती पाव किलोहून थोडी अधिक काकवी होते. काकांना कोणतेही सूत्र न सांगता एवढा एक आकडा सांगितला, तेव्हा टाकी बदलायचा निर्णय त्याच क्षणी झाला.

बाटलीतली पातळी खाली का जाते, हे उलगडायला फार वेळ लागला नाही. उंचावरून पडणारी घट्ट काकवीची धार बाटलीच्या तळाशी पोहोचताच सरळ मिसळत नाही. ती दोरीच्या वेटोळ्यासारखी स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि एका वेटोळ्यावर दुसरे पडताना त्यांच्यामध्ये हवा अडकते. सकाळच्या काकवीत अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला १५ सेंटिमीटर वर यायला सुमारे २२ मिनिटे लागतात, आणि त्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला ९ तास. भरताना दिसणारी पातळी काकवी आणि हवा यांची मिळून असते. हवा दुपारपर्यंत निघून जाते. टाकी उंच करण्याच्या माझ्या सल्ल्याने हे आणखी बिघडले होते.

एका गोष्टीची मला धास्ती होती, ती मात्र निराधार ठरली. नळीच्या तोंडातून बाहेर पडणारी श्यान द्रवाची धार, भिंतीचा धरबंध सुटताच, किंचित फुगते. अतिसंथ प्रवाहात हा फुगवटा व्यासाच्या सुमारे १३ टक्के असतो. बारीक काठ केला तर हाच फुगवटा काठाच्या बाहेरच्या अंगाला स्पर्श करील की काय, असे वाटत होते. पण तोंड खाली केले की धारेचे वजन तिला ताणते, आणि १२ मिलिमीटरच्या तोंडाशी काकवीच्या बाबतीत हा ताण इतका ठरतो की धार बाहेर पडताच बारीक होऊ लागते. फुगवटा दिसलाच नाही.

काय बदलले

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, जवळच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून नवी टाकी घडवली. तळ नरसाळ्यासारखा उतरता आणि आतले सगळे जोड गोलाई देऊन घासलेले. तोटी तळाच्या मध्यातून थेट खाली. कॉकच्या खाली फक्त दोन सेंटिमीटर नळी, जिच्यात दोन-सव्वादोन मिलिलिटरच, म्हणजे तीनेक ग्रॅम काकवी राहते. तोंडाचा काठ बाहेरून तासून आतल्या कडेला पात्यासारखा केलेला. तो हाताला लागण्याचा धोका खरा आहे, म्हणून तोंडाभोवती, काठाला न टेकणारे, एक मोठे कडे बसवले.

टाकीभोवती दुसरे कवच आहे आणि त्यात कोमट पाणी असते. हे पाणी चुलाणाच्या बाजूला ठेवलेल्या हंड्यातून येते, तेच तेच फिरते आणि वाया जात नाही. काकवी ४० अंशांच्या आसपास राहते. यापेक्षा जास्त गरम ठेवण्याच्या मी विरोधात होतो, कारण गरम काकवी तासन्तास ठेवली की तिचा रंग आणि वास बदलतो, आणि त्या दोन्हींसाठीच गिऱ्हाईक पैसे देते. ४० अंशांना छर्ऱ्याने तेच २० सेंटिमीटर साडेतीन सेकंदांत कापले, म्हणजे श्यानता ०.६ पास्कल-सेकंदांच्या आसपास उतरली. मघाचा बुडबुडा आता दोन मिनिटांत वर येतो आणि बारीक बुडबुड्याला ९ तासांऐवजी पाऊण-एक तास पुरतो. शिवाय बाटली आता तिरपी धरून धार तिच्या आतल्या भिंतीवर सोडतात, त्यामुळे वेटोळे पडत नाही. चौथरा काढून टाकला.

पुसण्याची पद्धत बदलणे सर्वांत अवघड गेले. सकाळी तोंड गरम पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडे करायचे आणि मग दिवसभर त्याला बोट लावायचे नाही, हे बायांना पटेना. काठावर थेंब लटकलेला दिसला की हात आपोआप पुढे जातो. सूनबाईंनी त्यावर स्वतःच तोड काढली: बाटली काढून घेताना तिच्या तोंडाची आतली कड त्या थेंबाला अलगद टेकवायची आणि मनगट वळवून तार तोडायची. थेंब बाटलीतच जातो आणि काठ कोरडा राहतो. कोमट काकवीची तार लवकर तुटते, म्हणून हे जमते. सकाळच्या थंड काकवीत तीच तार मनगटाबरोबर लांबत गेली असती.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा फोन आला की ओघळ परत आला आहे. मी गेलो तेव्हा तो तोंडाच्या एकाच बाजूने, दक्षिणेकडून येत होता. बाकीचा काठ कोरडा होता. भिंगाखाली पाहिले तर त्याच जागी काठाला तांदळाच्या दाण्याएवढी चेप बसलेली होती. आदल्या दिवशी टाकी धुताना पितळी तांब्या आपटला होता, असे एका बाईंना आठवले. त्या चेपेपाशी पात्यासारखी कड दबून गोल झाली होती, आणि अख्ख्या वर्तुळातली तेवढी एकच वाट काकवीने शोधली होती. मुलाने बारीक पॉलिश पेपर आणला, कड बाहेरून घासून पुन्हा धारदार केली, गरम पाण्याने धुतली, कोरडी केली. मामांनी कॉक उघडला आणि बंद केला. थेंब काठावर जमला, फुगला, क्षणभर थरथरला आणि सरळ खाली बाटलीत पडला.